राजीखुशीने, अक्कलहुशारीने

कुठलंही जुनं खत काढून बघा. गहाणखत, खरेदीखत, कबुलायत, कर्जरोखा, काहीही. शेवटाला एक ठरलेली ओळ असतेच. लिहून दिलं ते राजीखुशीने, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कुणाच्या दाबाखाली न येता. आणि त्या ओळीखाली नांगराची निशाणी. कुणब्याला सही येत नाही, म्हणून कुलकर्णी त्याचं नाव लिहितो आणि कुणबी नावाशेजारी नांगर काढतो. कधी तो नांगरही कुलकर्णीच काढतो. कुणबी नुसता लेखणीला बोट लावतो.

त्याच कागदाच्या सुरुवातीला दोन माणसं असतात. एक 'लिहून घेणार', दुसरा 'लिहून देणार'. ज्याला लिहिता येतं तो लिहून घेणार. ज्याला पांढऱ्यावरचं काळं कळत नाही तो लिहून देणार. मराठी भाषेत एवढा कोडगा विनोद दुसरा नसेल. आणि तो विनोद आजही चालू आहे. आजच्या स्टँपपेपरवर बघा, शब्द तेच आहेत.

आपल्या लिखाणात भूक आली, गावकूस आलं, पाणवठा आला, मेलेलं ढोर आलं. कागद मात्र फार कमी आला. खरं तर आपल्याला जेवढं काठीनं मारलं तेवढंच कागदानं मारलं. काठीचा वळ दिसतो. कागदाचा वळ नातवाच्या पाठीवर उठतो, तेव्हा आजा मरून गेलेला असतो. म्हणून हा लेख.

सुरुवात सुप्यापासून करू. पुणे जिल्हा, भीमथडी तालुका. १२ मे १८७५, सुप्याच्या बाजाराचा दिवस. आसपासच्या गावचे कुणबी जमले आणि त्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर, घरांवर चाल केली. शाळेच्या पुस्तकात याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगा म्हटलं की रक्त आलं, लूट आली. लूट सुप्यात झालीच. पण पुढं पुणे आणि नगर जिल्ह्यांत जिथं जिथं हे लोण गेलं, तिथं जमावाची पहिली मागणी एकच होती. कागद टाका. रोखे, खतं, हुकूमनामे बाहेर काढा. सावकारानं मुकाट्यानं दप्तर दिलं तर तिथंच जाळ करायचा आणि घरी जायचं. नाही दिलं तर मग मारझोड. सरकारनं ९५१ माणसं धरली, त्यातल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. पुढं चौकशीला कमिशन बसलं. ज्यांना आयुष्यात एक अक्षर वाचता आलं नव्हतं त्यांनी धान्याच्या कणगीआधी, सोन्याआधी कागद मागितला. दुखणं कुठं आहे हे त्यांना वाचता येत नसतानाही कळलेलं होतं.

याच्या आधी, डिसेंबर १८७४ मध्ये, शिरूर तालुक्यातल्या करडे गावात काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख नावाच्या माणसावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. गावानं सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी येईना, पाणक्या येईना, कुणी कामाला जाईना. बहिष्काराचं हे हत्यार गावाला नवीन नव्हतं, हे आपण तरी विसरू नये. आपल्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या चालवून गावाचा हात चांगला बसलेला होता. तेव्हा ते पहिल्यांदा वर उचललं गेलं एवढंच.

आता तो कागद काय होता ते नीट बघू. पुस्तकं इथं पळ काढतात. 'सावकारांनी पिळवणूक केली' असं लिहून पुढं जातात. कशी केली?

धरा, कुणब्यानं शंभर रुपये काढले. हातात शंभर पडत नाहीत. आधी मनोती कापली. मनोती म्हणजे कर्ज दिल्याबद्दल सावकारानं स्वतःला दिलेलं बक्षीस. मग स्टँपाचा खर्च कापला, तोही ऋणकोच्या बोडक्यावर. हातात आले समजा नव्वद. कागदावर शंभर. व्याज महिन्याला शेकडा दोन रुपये. आता आपल्याकडं जुना एक दंडक होता, दामदुपटीचा. व्याज कितीही थकलं तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येणार नाही. शंभराचे फार तर दोनशे. हा दंडक हायकोर्टही मानत होतं. म्हणजे कुणबी वाचायला हवा होता.

तो मेला तो दुसऱ्याच एका कायद्यानं, आणि तो कायदा त्याच्या भल्यासाठी केला होता म्हणे. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. साध्या रोख्यावरचा दावा तीन वर्षांच्या आत लावला पाहिजे, नाही तर रोखा बुडाला. हेतू असा की सावकारानं वीस वर्षांचा जुना कागद काढून छळू नये. सावकारानं काय केलं? तीन वर्षं भरत आली की कुणब्याला बोलावलं. 'दावा लावू, का नवा कागद करतोस?' दाव्याच्या नावानं कुणब्याचं पाणी पळायचं. नवा कागद झाला. शंभराचं तीन वर्षांचं व्याज बहात्तर. नव्या कागदात मुद्दल एकशे बहात्तर. जुनं व्याज आता व्याज राहिलं नाही, ते मुद्दल झालं, म्हणून दामदुपटही नव्यानं सुरू झाली. आणखी तीन वर्षांनी दोनशे शहाण्णव. आणखी तीन वर्षांनी पाचशे नऊ. नऊ वर्षांत, एक पैही नवी न घेता, नव्वदाचे पाचशे नऊ. मधे कुणब्यानं दाणे घातले, कडबा घातला, बायकोनं सावकाराच्या घरी शेणपाणी केलं, ते कुठल्या वहीत चढलं आणि कुठल्या नाही, हे त्याला कोण सांगणार? पावती मागायची असते हेच ठाऊक नाही.

यात कुठंही खोटं खत नाही, हे ध्यानात घ्या. खोटी खतंही होतीच, रिकाम्या कागदावर निशाण्याही घेतल्या जात होत्या. पण पाचशे नऊ रुपयांचा हा कागद सोळा आणे खरा होता. निशाणी खरी, साक्षीदार खरे, राजीखुशी लिहिलेली. १८७२ सालीच सरकारनं कराराचा कायदा केलेला होता. त्यात स्वतंत्र संमती म्हणजे काय, जबरदस्ती म्हणजे काय, वरचढ माणसानं वजन टाकून करून घेतलेला करार कसा मोडता येतो, सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. सुप्याच्या तीनच वर्षं आधी. पण तो कायदा सांगायला मुळात कोर्टात उभं राहावं लागतं. कमिशनला दिसलं ते हे की बहुतेक दावे एकतर्फी निकाली निघत होते. कुणबी कोर्टात जातच नव्हता. कोर्ट लांब, दिवस बुडणार, वकिलाला पैसे नाहीत. आणि गेला तरी कागदापुढं बोलणार काय? निशाणी तुझीच ना? माझीच. संपलं.

बाहेरची कारणंही होती. अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ ला यादवी संपली आणि भाव बसला, वर सरकारनं फेरपाहणी करून सारा वाढवला. ही कारणं खरी आहेत आणि त्यांच्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला कागदाजवळच थांबायचं आहे.

कमिशनच्या अहवालानंतर १८७९ चा कायदा आला. दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा म्हणून तो ओळखला जातो. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याचं एक कलम मला आजही वाचावंसं वाटतं. कोर्टानं नुसता कागद बघायचा नाही, कागदाच्या मागं जायचं. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा. मूळ किती घेतले, किती फेडले, मुद्दलात काय मिसळलं, हे कोर्टानंच विचारायचं. कर्जापायी तुरुंग बंद केला. पावती मागायचा, हिशेब मागायचा हक्क दिला. आणि गावोगाव रजिस्ट्रार नेमले. शेतकऱ्याचा कागद त्यांच्या देखरेखीखालीच लिहायचा, दोघांचा खरा हेतू विचारून लिहायचा, मोठ्यानं वाचून दाखवायचा. नाही तर कागद कोर्टात चालायचा नाही.

म्हणजे सरकारनं मान्य केलं की ज्याला वाचता येत नाही त्याची राजीखुशी ही राजीखुशी नाही.

पण यावर इलाज काय काढला? त्याला वाचायला शिकवलं नाही. त्याच्यासाठी वाचणारा नेमला. हा वाचणारा कुठल्या घरातून येणार हे वेगळं सांगायला नको. सावकारानंही वाट काढली. रोखा नको म्हणता? मग खरेदीखतच करू. कागद विक्रीचा, जबान गहाणाची. 'पैसे फेडलेस की जमीन परत तुझी, कागद आपला नुसता नावाला.' रजिस्ट्रारपुढं विचारलं, विकलीस का? विकली. फेडायला गेला तेव्हा सावकार म्हणाला, कसली जबान? कागद बघ. १९०७ साली पुन्हा दुरुस्ती करावी लागली की असल्या विक्रीच्या कागदामागं गहाण होतं हे तोंडी पुराव्यानं दाखवता येईल. कायदा एक पाऊल टाकतो, कागद दोन टाकतो. हा खेळ तीस-चाळीस वर्षं चालला.

याच काळात पुण्यात एक माणूस निराळंच सांगत होता. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. खालच्या जातींच्या पोरांना प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी त्यात आहे. वाचन, मोडी आणि बाळबोध लिहिणं, हिशेब. इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची माहिती हे त्याच्या नंतर. मोडी कशाला म्हणाल? छापील पुस्तकं बाळबोधीत होती. मोडीत असायचं कुलकर्ण्याचं दप्तर आणि सावकाराचं खत. पोराला मोडी आली म्हणजे त्याला बापानं काय लिहून दिलं ते वाचता येणार. जोतीरावांनी हे कारण त्या शब्दांत लिहिलेलं नाही, हा अर्थ माझा आहे. पण 'शेतकऱ्याचा असूड' ज्यानं त्याच सुमारास लिहिला, भट कुलकर्ण्याची लेखणी कुणब्याचं घर कसं धुते हे ज्यानं पानंच्या पानं सांगितलं, त्याला मोडी कशाला हवी होती याबद्दल मला शंका नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं कुणब्याचं झालं. आपला यात काय संबंध?

आपला संबंध चावडीच्या पायरीशी. सावकाराचा, सरकारचा निरोप घेऊन कुणब्याच्या दारात जाणारा महार होता. 'चावडीवर बोलावलंय' ही हाळी त्याची. कुणबी आत जायचा, कागद व्हायचा, आणि महार खाली काठी टेकून उभा. वर काय वाचलं जातंय ते ऐकू यायचं पण कागद बघायचा अधिकार नाही. कुणब्याला निदान निशाणीपुरती तरी कागदाची शिवाशिव होती.

आणि महाराचा स्वतःचा कागद? त्याचा करार कुठं होता?

म्हाताऱ्यांना विचारा. ते सांगतील, बेदरच्या पातशानं आपल्याला बावन्न हक्क दिले. सनद दिली. अमृतनाकाची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. कुणी त्या बावन्न हक्कांची यादीही म्हणून दाखवतो, मेल्या ढोराचं कातडं, मढ्यावरचं कापड, खळ्यातलं धान्य. मी लहानपणी ही यादी अभिमानानं ऐकली. मोठेपणी एकदा विचारलं, आण्णा, हक्क बावन्न, मग कामं किती? आण्णा गप्प बसला. मग म्हणाला, 'कामाची यादी कशी आसंल? काम म्हंजी काम.'

सगळी मेख इथं आहे. दंतकथा खरी की खोटी, ते जाऊ द्या. एखाद्या समाजानं आपल्या करारातली घेण्याची कलमं पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ केली आणि देण्याच्या कलमांची यादीच नव्हती. म्हणजे देणं अमर्याद होतं. १८७४ साली इंग्रजांनी वतनाचा कायदा केला, सुप्याच्या आदल्या वर्षी. वतन कायद्यात बसलं. पण महाराचं काम किती वाजता सुरू होतं आणि किती वाजता संपतं हे ठरलं नाही. एक माणूस नोकर की सगळं घर नोकर, हे ठरलं नाही. बाप बाहेरगावी असला तर पोरानं जायचं, पोरगं आजारी असलं तर बाईनं. पगार म्हणून जमिनीचा तुकडा, त्यावरही जुडी भरायची. बलुतं गावाच्या मर्जीवर. नोकर सरकारचा आणि पोटाला घालणार गाव. गावाशी वाकडं आलं की बलुतं बंद, पण सरकारचं काम चालूच.

हा करार पहिल्यांदा वकिलाच्या नजरेनं कुणी वाचला असेल तर बाबासाहेबांनी. 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महारवतनावर लिहिलं, आणि १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं. वतनावर कविता करणारे आणि वतनाला शिव्या देणारे पुष्कळ झाले. ते बिल काय म्हणतं ते वाचण्यासारखं आहे. ज्याला वतनातून सुटायचं त्याला सुटण्याची वाट द्या. ज्याला राहायचं त्याचं काम ठरवून द्या. बलुत्याच्या दाण्यांऐवजी रोख मोबदला ठरवा. म्हणजे जो करार कधी लिहिलाच गेला नव्हता तो लिहा, एवढीच मागणी. काम किती, दाम किती, सुटायचं कसं. कायदेमंडळाला एवढंही झेपलं नाही. १९२९ ला बिल मागं घ्यावं लागलं.

आणि आपल्याच माणसांनी तेव्हा काय केलं, हेही लिहायला पाहिजे. वतन जाणार, बावन्न हक्क जाणार म्हणून बऱ्याच गावच्या म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा आला होता. जमिनीचा तुकडा जाईल, पाटलाच्या दारातली घुगरी जाईल. आज त्यांना हसणं सोपं आहे. पण दुसरा कुठलाच कागद ज्याच्या नावानं नाही, तो हातातला वाईट कागद तरी कसा सोडेल?

मग १९३२. येरवडा. पुणे कराराबद्दल आपल्या नियतकालिकांतून इतकं लिहून आलं आहे की मी लांबड लावत नाही. दोन गोष्टी फक्त.

पहिली. मद्रास हायकोर्टानं १९१७ साली एका खटल्यात निकाल दिला होता. एका माणसानं, मी जीव देईन अशी धमकी देऊन बायको आणि मुलाकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलं होतं. ही धमकी कराराच्या कायद्याप्रमाणं जबरदस्ती ठरते, असं कोर्टानं बहुमतानं सांगितलं. पंधरा वर्षांनी येरवड्याच्या तुरुंगात एका माणसाचं उपोषण २० सप्टेंबरला सुरू झालं आणि २४ सप्टेंबरला करारावर सह्या झाल्या. उपोषण आणि आत्महत्येची धमकी एकच का, यावर पंडितांनी वाद घालावा. मी फक्त दोन तारखा शेजारी मांडतो. त्या चार दिवसांत खेड्यापाड्यांतल्या महार-मांगवाड्यांचं काय होईल, ही टांगती तलवार बाबासाहेबांच्या डोक्यावर होती. राजीखुशीने.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. अशा तलवारीखालीही त्या माणसानं एकेक कलम वाचलं, घासाघीस केली. स्वतंत्र मतदारसंघ गेले, दुसरं मत गेलं. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ जागा, मध्यवर्ती कायदेमंडळात ब्रिटिश हिंदुस्थानच्या सर्वसाधारण जागांपैकी शेकडा अठरा, शिक्षणासाठी प्रत्येक प्रांतात पैसा, आणि आपली माणसं आपणच आधी निवडायची अशी प्राथमिक निवडणूक. प्रत्येक राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदार चार उमेदवारांचं पॅनेल निवडतील, त्यातून सर्वसाधारण मतदारसंघ एकाला निवडेल. ही पद्धत दहा वर्षं.

चारांचं पॅनेल. सरळ दिसतं ना? चार वर्षांच्या आतच यावर तंटा उभा राहिला. मतदारसंघ आखायला हॅमंड समिती बसली तेव्हा सवर्ण हिंदूंच्या बाजूनं म्हणणं आलं की चार म्हणजे किमान चार. चार उमेदवार उभे राहिले नाहीत तर पॅनेल नाही, पॅनेल नाही तर निवडणूक नाही, जागा रिकामी. बाबासाहेबांचं म्हणणं, चार म्हणजे जास्तीत जास्त चार. म्हणजे बघा, ज्या कराराला देशातले मोठमोठे वकील बसले होते, त्यातला 'चार' हा शब्दही सरळ राहिला नाही. समितीनं बाबासाहेबांचा अर्थ उचलून धरला म्हणून जागा वाचल्या. नाही तर एका आकड्याच्या पोटात १४८ जागा गेल्या असत्या. बाबासाहेबांनी ही हकीकत पुढं स्वतःच लिहून ठेवली आहे, १९४५ च्या पुस्तकात, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केलं हे ज्यात विचारलं त्यात. ते पुस्तक रागासाठी वाचतात. हिशेबासाठीही वाचावं.

वतनाचं पुढं काय झालं ते सांगून संपवतो, कारण ते संपलेलं नाही. १९३९ च्या डिसेंबरात हरेगावला वतनदारांची परिषद झाली, वाढवलेल्या जुडीच्या विरोधात. बाबासाहेब गेले १९५६ ला. कनिष्ठ वतनं नष्ट करण्याचा कायदा १९५८ चा. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. महारकी गेली. वाड्यावाड्यांत आनंद झाला आणि तो खराच होता. पण कायद्यात जमिनीचं कलम होतं. जमीन आपोआप आपली झाली नाही. ती सरकारजमा झाली आणि साऱ्याच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली तर ती वतनदाराला परत मिळणार होती. नाही भरली तर आपल्याच रानात आपण अनधिकृत कब्जेदार. रक्कम फार मोठी नव्हती. तरी किती घरांना हे वेळेत कळलं? दवंडी द्यायचं काम आपलं होतं, आणि आपल्याच दारात दवंडी द्यायला कुणी आलं नाही.

ज्यांनी भरली त्यांनाही जमीन मिळाली ती 'नवीन व अविभाज्य शर्ती'वर. सातबाऱ्याच्या इतर हक्कात ही शर्त लिहिलेली असते, बारीक. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आणि सरकार ठरवेल तो नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही, भावाभावांत तोडून वाटता येत नाही. शर्तभंग झाला की जमीन सरकारजमा. शर्त चांगली की वाईट, यावर आपल्यात दोन मतं आहेत. ही शर्त नसती तर सगळ्या जमिनी केव्हाच पाटलाच्या, नाही तर शेटजीच्या घशात गेल्या असत्या, हे एक. आणि शर्त असूनही त्या गेल्याच आहेत, कब्जा त्यांचा आणि नाव आपलं, हे दुसरं. मला दोन्ही पटतात. पण शर्त ठाऊक नसण्याची किंमत एकट्या आपणच देतो, यात दुमत नाही.

आमच्या भावकीतली गोष्ट. गाव सांगत नाही, माणूस सांगत नाही. शहर सरकत सरकत गावाला आलं तसे वतनाच्या तुकड्याला भाव आले. एक दिवस पांढऱ्या कपड्यातला एक मध्यस्थ आला. जयभीम घातला, आजीच्या पाया पडला. बावीस पानांचा कागद, वर 'विकसन करारनामा व कुलमुखत्यारपत्र'. इसाराची रक्कम पिशवीत, दिसेल अशी. 'शर्तीचं आमी बघतो, तुमी फकस्त सह्या करा.' आता सगळ्यांना सह्या येतात. नांगर काढायचे दिवस गेले. बंगालात जंगीपूरला १८५८ साली एका साहेबानं रस्त्याच्या खडीच्या कंत्राटावर कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला होता, उद्या यानं कागद नाकारू नये म्हणून. बोटांच्या ठशाच्या शास्त्राची ती सुरुवात मानतात. तेव्हापासून कागद पुष्कळ सुधारला. सही येणारा माणूस तर त्याला ठशाहून बरा, कारण मग 'वाचून सही केली' असं छातीठोक म्हणता येतं.

माझा चुलता सहीला बसलाच होता. त्याची नात बारावीला. ती म्हणाली, आजोबा, थांबा, मी वाचते. मध्यस्थ हसला. म्हणाला, वाच की बाळ, वकिली भाषा हाय, झोप येईल. तिला झोप आली नाही. नवव्या पानावर थांबली. कलेक्टरची परवानगी आणण्याची जबाबदारी व नजराण्याचा सर्व खर्च लिहून देणार यांचा. अकराव्या पानावर थांबली. परवानगी न मिळाल्यास लिहून देणार यांनी इसाराची रक्कम दरसाल दर शेकडा चोवीस टक्के व्याजासह परत करणेची आहे.

चुलत्यानं विचारलं, चोवीस टक्के म्हंजी?

ती म्हणाली, म्हणजे महिन्याला शेकडा दोन.

चुलत्यानं पेनाचं टोपण लावलं. मध्यस्थानं पिशवी उचलली, कागद ठेवून गेला. म्हणाला, सावकाश वाचा, पुढच्या आठवड्यात येतो. पोरगी अजून अकराव्या पानावरच आहे. पुढची अकरा राहिलीत.